पहिले टर्नटेबल घ्यायचेत, हातात ८० हजार आहेत, जोडी घेऊ की एकच?

धायरीवाली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. दोन वर्षं झाली डीजेचं वाजवतेय, कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडायचा बटणांचा डबा), घरीच, आणि मैत्रिणींच्या घरच्या दोन-चार कार्यक्रमांना. कंट्रोलरबद्दल तक्रार काहीच नाही, पण सिंकचं बटण दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात आणि मला आता ते कानाने जुळवायचंय. गेल्या महिन्यात एका मित्राच्या मित्राकडे टेक्निक्सची जोडी बघितली, त्याने मला रेकॉर्डवर बोट ठेवायला सांगितलं, खाली प्लॅटर म्हणजे फिरती थाळी फिरतेय आणि वर रेकॉर्ड माझ्या बोटाखाली थांबलेली, बोट उचललं की गाणं जिथल्या तिथून चालू. त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाहीये.

नोकरी लागल्यापासून साठवलेले ८० हजार आहेत आणि त्यात सगळं बसवायचंय, टर्नटेबल, डीजेचा मिक्सर (दोन गाणी एकत्र मिसळायचा), सुया, केबल, जे काही लागतं ते. तीन पर्याय दिसतायत. एक, ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले बेल्टवाले दोन, म्हणजे भरपूर पैसे उरतात. दोन, ऑडिओ टेक्निकाचे एलपी १२० हे मॉडेल नवीन, पण जोडी घेतली तर मिक्सरला जवळपास काहीच उरत नाही. तीन, ठाण्याला एक काका त्यांची जुनी टेक्निक्स १२०० एमके२ ची जोडी विकतायत, दोन्ही मिळून बजेटच्या बाहेर आहेत पण एकेक द्यायला तयार आहेत, एकाचे ४६ हजार म्हणतायत.

अजून एक. आजोबांच्या रेकॉर्ड आहेत घरी, जुन्या नाट्यसंगीताच्या जाड तबकड्या आणि काही एलपी. त्या पण यावर वाजतील का? आई म्हणते एवढे पैसे घालतेयस तर निदान आजोबांचं तरी ऐकव. आणि घरी "डीजे" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच येते, त्यामुळे आधीच समजावून समजावून दमलेय.

सुई_आणि_खोबण:
ताई, बेल्टवाले डोक्यातून काढून टाक, हा विषय पहिल्यांदा संपवू. बेल्टवाल्यात मोटर एका बाजूला असते आणि रबराचा पट्टा प्लॅटर फिरवतो. नुसतं ऐकायला ते छानच असतं, पण तू रेकॉर्ड धरलीस की पट्टा ताणतो, घसरतो, आणि सोडलीस की प्लॅटर परत वेग पकडेपर्यंत गाणं ओढल्यासारखं येतं. बीट जुळवताना तुला कळणारच नाही की चूक तुझ्या हाताची आहे का पट्ट्याची, आणि शिकताना तेच कळणं तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टाच नाही. टेक्निक्सच्या १२०० मध्ये तर प्लॅटरच्या पोटाला चुंबक लावलेलं असतं, म्हणजे प्लॅटर हाच मोटरचा फिरणारा भाग, खाली फक्त कॉइल. (कधी उचलून बघणार असशील तर आधी प्लग काढ.) म्हणून बोट सोडलं की तो लगेच त्याच वेगात असतो. एमके२ बंद अवस्थेतून ३३ च्या (मिनिटाला साधारण ३३ फेरे) वेगाला ०.७ सेकंदात पोचतो.

दुकानदार टॉर्कचे, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या ताकदीचे आकडे सांगतील, पायोनियर पीएलएक्स १००० चा ४.५, पीएलएक्स ५०० चा १.६ वगैरे. ताकद लागतेच, पण एमके२ चा आकडा फक्त १.५ आहे आणि जगभरातले स्क्रॅचवाले (रेकॉर्ड हाताने मागे-पुढे ओढून आवाज काढणारे) कित्येक वर्षं त्याच्यावरच स्पर्धा खेळले. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस, वेग किती स्थिर राहतो, पिचची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची पट्टी किती गुळगुळीत सरकते आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा किती मोकळा आहे हे जास्त बघ.

एलपी १२० वाईट नाही, बीट जुळवायला शिकण्यापुरता चांगलाच आहे, फक्त जोरात स्क्रॅच केलंस तर मोटर हाताला कमजोर लागते. त्याच्यासोबत व्हीएम९५ई ही सुई येते, तिचं टोक लंबगोल असतं, ते ऐकण्यासाठी. मागे-पुढे ओढायला गोल टोकाची सुई लागते, ती खोबणीत कमी कुरतडते आणि कमी उडते. बरं म्हणजे त्याच कार्ट्रिजवर (सुई ज्यात बसते तो भाग) व्हीएमएन९५सी ही गोल टोकाची बदली सुई बसते, अख्खं कार्ट्रिज बदलायची गरज नाही.

आता हिशोब. बहुतेक जण टर्नटेबलचे पैसे मोजतात आणि बाकीचे विसरतात. दोन डेक (टर्नटेबल) म्हणजे दोन कार्ट्रिज, आणि सुई झिजते, ती पुन्हा घ्यावी लागते. मग मिक्सर, ज्याला फोनो इनपुट (टर्नटेबलचा बारीक आवाज मोठा करून घेणारी जोडणी) पाहिजेच. मग रेकॉर्ड, नवीन एकेक दोन हजाराच्या आसपास आणि त्याच्या वर. ८० हजारात हे सगळं दोन डेकसाठी बसवलंस तर प्रत्येक वस्तू तडजोडीचीच येणार. मी तुझ्या जागी असतो तर एकच घेतला असता, पण खणखणीत. मिक्सरच्या एका चॅनलला टर्नटेबल आणि दुसऱ्याला लॅपटॉप, लॅपटॉपवर सिंक बंद, गाणं एका ठरावीक वेगाने चालू ठेवायचं आणि रेकॉर्ड त्याला जुळवायची. कान आणि हात दोन्ही तयार होतात. मी दीड वर्ष असंच शिकलोय.

ठाकुर्ली_लोकल:
माझं मत उलटं आहे. जोडीच घ्यावी आणि एकसारखी घ्यावी. आज एक घेशील, वर्षाने दुसरा घ्यायला जाशील तेव्हा ते मॉडेल मिळणार नाही किंवा दुसऱ्याच अवस्थेतलं मिळेल, आणि दोन वेगवेगळ्या डेकवर हात बसवणं फार त्रासाचं. एकाची पिचपट्टी लांब, दुसऱ्याची आखूड, एकावर केसभर सरकवलं की भरपूर होतं आणि दुसऱ्यावर काहीच होत नाही. रेकॉर्डवरून रेकॉर्डवर मिक्स करण्यात जी मजा आहे ती लॅपटॉपबरोबर येत नाही, हे लिहून ठेव. सहा महिने अजून साठव आणि रिलूपचे सेकंडहँड दोन शोध, आरपी ४००० किंवा ७०००.

सुई_आणि_खोबण:
लोकल, तुझं एकसारख्या जोडीचं म्हणणं बरोबरच आहे. पण एमके२ च्या बाबतीत दुसरा मिळणार नाही ही भीती नको, ते मॉडेल १९७९ ला आलं आणि पुढची मॉडेलं पण त्याच अंगाची, २०१० पर्यंत बनत होती. पिचपट्टी बहुतेक सगळ्यांची ८ टक्के खालीवर, बटणं जिथल्या तिथे. सुटे भाग आजही मिळतात. सहा महिने थांबण्यापेक्षा सहा महिने सराव केलेला बरा.

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत असतो, एक गोष्ट सांगायलाच हवी कारण आमच्या ओळखीत हे घडलंय. इथून कोणी स्वस्तात टर्नटेबल आणून देतो म्हणालं तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज आधी वाचून घे. अमेरिकेतला जुना टेक्निक्स १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा, तो आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की आतला ट्रान्सफॉर्मर जळणार. माझ्या आतेभावाने हौसेने नेलेला, पुण्यात पोचल्या दिवशीच धूर निघाला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो. वेग आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर धरलेला असल्यामुळे ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झने त्याला फरक पडत नाही. पण तुला भारतातच २३० चा मिळत असेल तर हा व्याप कशाला. शिवाय एक एमके२ साडेबारा किलोचा, म्हणजे २३ किलोच्या बॅगेत एकच मावतो आणि लोणची-पापड घरीच राहतात.

जुना_एमके२:
पोरी, मी डोंबिवलीचा, ९० च्या दशकात आमचा मोबाइल डिस्को होता, लग्नं, कॉलेजचे कार्यक्रम, नवरात्र, सगळं केलं. दोन एमके२ लाकडी पेटीत घालून टेम्पोतून न्यायचो. त्यातला एक अजून घरी चालू आहे, म्हणून तुला ठाण्याचंच सुचवीन, पण तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. काय तपासायचं ते नीट सांगतो, जाताना हे मोबाइलवर उघडून ठेव.

पहिलं, पिच शून्यावर ठेवून चालू कर. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि लाल दिव्याच्या उजेडात त्यातली शून्याची ओळ जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. सरकत असेल तर वेग बरोबर नाही. मग पट्टी अगदी हळू खालून वर ने. ठिपके सावकाश धावायला लागले पाहिजेत, मध्येच उडी मारली तर फेडर (म्हणजे हीच पट्टी) घाण झालाय किंवा झिजलाय. एमके२ ला शून्यावर एक खटका असतो आणि त्याच्या अगदी आजूबाजूला पट्टी सरकवली तरी वेग बदलत नाही असा छोटा पट्टा असतो, तो दोष समजू नकोस, ते मॉडेलच तसं. पण तो पट्टा फार रुंद असेल तर फेडर बदलायला लागेल, तेवढे पैसे कमी करून घे.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोनआर्म. मागचं वजन फिरवून आर्म असा तोल की तो हवेत आडवा तरंगला पाहिजे, अँटीस्केट (आर्मला हलकेच बाहेर ओढणारी चकती) शून्यावर. आता हळूच फुंकर मार. तो अलगद आत-बाहेर गेला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. मग पुढचं टोक दोन बोटांत धरून अगदी हलकेच मागेपुढे हलव. बेअरिंगमध्ये कुचकुच जाणवली तर तो आर्म पडलेला किंवा ओढलेला आहे. मोटर मरत नाही सहसा, पण आर्म वाकडातिकडा झाला की खर्च मोठा आणि नीट करणारा माणूस शोधावा लागतो.

तिसरं, दोन्ही बाजूंनी आवाज येतो का. एक बाजू येत-जात असेल तर घाबरू नकोस, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) काढून आतल्या चार पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. बऱ्याचदा तेवढ्यानेच येतो. केबल मात्र एमके२ ला कायमची जोडलेली असते, ती पिचलेली असेल तर उघडून डाग द्यावा लागतो.

सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं चिकटवणारे लोक भेटतील. करू नकोस. आम्ही केलंय आणि एका सीझनमध्ये चांगल्या चांगल्या रेकॉर्डच्या ड्रमच्या जागच्या खोबणी पांढऱ्या पडल्या, ऐकलं की नुसता खरखराट. कार्ट्रिजच्या कागदावर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच ठेव. आणि जुन्या शुअर एम४४-७ कार्ट्रिजच्या मागे धावू नकोस, शुअरने २०१८ लाच कार्ट्रिज बनवणं बंद केलं, आता त्या नावाने बरंच नकली फिरतं. आधीचंच खरं कार्ट्रिज हाती लागलं तर जपानच्या जिको कंपनीच्या बदली सुया चांगल्या येतात.

रेकॉर्ड उन्हात, गाडीत, खिडकीशी ठेवू नकोस. गोव्यात अंजुणा-वागातोरच्या पार्ट्यांत त्या काळी बरेच डीजे रेकॉर्डऐवजी डॅट टेप (छोटी डिजिटल कॅसेट) वाजवायचे, त्याचं एक कारण हेच, त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकते. उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेव.

धायरीवाली:
बापरे, एवढं सविस्तर, मनापासून आभार काका. रविवारी ठाण्याला जातेय. अजून दोन शंका, आजोबांच्या तबकड्यांचं राहिलंच, आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, कोणी चाललं तरी टेबल हलतं, त्याचं काय करू?

सुई_आणि_खोबण:
एलपी वाजतील, निवांत. पण जाड आणि जड तबकड्या, ज्यांच्यावर ७८ लिहिलेलं असेल, त्या लाखेच्या असतात आणि त्यांची खोबण बरीच रुंद असते. आपली सुई त्यात तळाशी लोळत जाते, नुसतं खरखर ऐकू येतं. शिवाय एमके२ ला ७८ चा वेगच नाही. ७८ ची सुई वेगळी मिळते आणि वेगही लागतो, एलपी १२० आणि २०१९ चा टेक्निक्स एमके७ यांना तो आहे. आजोबांच्या तबकड्या तोपर्यंत सुती कापडात गुंडाळून ठेव आणि चुकूनही अल्कोहोलने पुसू नकोस, लाख विरघळते. त्या पडल्या की कपासारख्या फुटतात, एकेक दोन हातांनी उचल. आणि एलपी वाजवायला जमलं तर दुसऱ्या हेडशेलवर ऐकण्याची वेगळी सुई ठेव, स्क्रॅचवाली सुई आजोबांच्या एलपीवर टेकवू नकोस. सरावासाठी जुन्या बाजारातनं रुपया-पैशातल्या घासलेल्या एलपी आण, त्या बिनधास्त ओढ.

टेबलासाठी कडप्प्याचा तुकडा आण, ओट्याचं काम करणाऱ्याकडे कापून उरलेले पडलेले असतात. खाली जाड फोम, वर कडप्पा, त्याच्यावर टर्नटेबल. वजन असलं की हादरा सुईपर्यंत पोचत नाही. स्पीकर त्याच टेबलावर ठेवायचे नाहीत, नाहीतर बेस वाढवला की घुमायला लागेल.

टर्नटेबलमधून निघणारी बारीक हिरवी किंवा काळी वायर असते, ती मिक्सरच्या मागे जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला कसायची, नाहीतर सतत गुणगुण येते. तेवढं करूनही गुणगुण राहिली तर घरातलं अर्थिंग तपासून घे, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरी पिन नुसती नावाला असते. आणि एमके२ मध्ये प्रीअँप (बारीक आवाज वाढवणारा भाग) नसतो, तो मिक्सरच्या फोनोलाच लावायचा, लाइनला लावलास तर आवाज मेल्यासारखा येईल. पुढे कधी आतल्या प्रीअँपवालं काही घेतलंस तर त्याचं बटण आणि मिक्सरचं इनपुट जुळतंय ना बघ, लाइनचा आवाज फोनोत गेला की फाटतो.

स्लिपमॅट (रेकॉर्डखालची गुळगुळीत कापडी चकती) सरकत नसेल तर रेकॉर्डच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचा गोल तुकडा कापून त्याच्या खाली घाल. रबराची चटई काढून ठेव.

पैसे उरले नाहीत आणि रेकॉर्डही परवडत नाहीत असं झालं तर मिक्स (Mixxx) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कंट्रोल व्हिनाइल चालतं. त्या रेकॉर्डवर गाणं नसतं, फक्त एक सूर कोरलेला असतो, त्यावरून कॉम्प्युटरला वेग आणि जागा कळते आणि लॅपटॉपमधलं गाणं तुझ्या हाताखाली फिरतं. एक कंट्रोल रेकॉर्ड आणि फोनो इनपुटवालं साउंडकार्ड, बस.

ठाकुर्ली_लोकल:
आणि लेबलवर एक छोटा स्टिकर लाव, मधल्या भोकापासून कडेकडे, घड्याळाच्या काट्यासारखा. ३३ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, म्हणजे मिनिटाला १३३ ठोक्यांच्या आसपासचं गाणं असेल तर चार ठोक्यांना स्टिकर परत त्याच जागी येतो. कान बसेपर्यंत फार उपयोगी पडतं. १२४ चं गाणं १२८ ला न्यायचं तर पट्टी तीन टक्क्यांच्या जराशी पुढे. दोघांनी एक घ्यायला सांगितलंय, मी हरलो, पण दुसरा घ्यायचा झाला की इथे सांग, मी शोधायला मदत करतो.

धायरीवाली:
घेतला. एकच घेतला. सगळं सांगते कारण तुमच्याशिवाय हे झालंच नसतं.

काकांनी दोन्ही चादरीखाली झाकून ठेवले होते. पहिला चालू केला, ठिपके जागच्या जागी, पट्टी सरकवली तर ठिपके हळूहळू धावायला लागले, मला तो खटका पण लागला, काका हसले, म्हणाले कोणी शिकवलं. दुसऱ्याचा मोटर पण तसाच, पण आर्म तोलून फुंकर मारली तर अर्ध्यात जाऊन थांबला आणि टोक धरल्यावर स्पष्ट कुचकुच लागली. मी दोनदा करून बघितलं, वाटलं माझंच चुकतंय. काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतः हात लावला आणि म्हणाले, बदलापूरच्या एका कार्यक्रमात स्टँडवरून घसरला होता, तेव्हापासून असेल. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पहिला ४४ हजाराला दिला, लाकडी पेटी वर दिली.

घरी आल्यावर उजवी बाजू गायब! पोटात गोळाच आला. मग चार पिनांचं आठवलं, दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून आयसोप्रोपिलची बाटली आणली, कापसाच्या काडीने पुसल्या, काडी काळी कुळकुळीत निघाली आणि आवाज आला. मिक्सर सेकंडहँड घेतला साडेसात हजारात, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी) थोडा खरखरतो पण चालतोय. गोल टोकाची सुई एक, ऐकण्याची एक. कडप्पा शेजारच्या बिल्डिंगमध्ये ओट्याचं काम चालू होतं तिथून फुकट मिळाला, बाबा आणि मी दोघांनी चौथ्या मजल्यावर चढवला.

काल रात्री लॅपटॉपवरच्या गाण्याला रेकॉर्ड पहिल्यांदा जुळली. जेमतेम चाळीस सेकंद असेल, हेडफोनमध्ये दोन्हीचे ड्रम एकमेकांवरून धावत होते, मी पट्टी केसभर वर, परत खाली, कडेला बोटाने जराशी ढकललं आणि अचानक दोन ड्रमचा एकच ड्रम झाला. मग परत सुटला, पण झाला होता.

आज सकाळी आईला आजोबांची एलपी लावून दिली, ऐकण्याच्या सुईने. ती पीठ मळता मळता येऊन दारात उभी राहिली आणि एक बाजू संपेपर्यंत आत गेलीच नाही.

ठाण्याचे काका दुसऱ्याच्या आर्मचं काम करून घेणार आहेत, दिवाळीनंतर फोन करतो म्हणालेत. लोकल, तेव्हा माझ्याबरोबर बघायला याल का? तुमचा हात माझ्यापेक्षा तयार आहे.

ठाकुर्ली_लोकल:
येतो. ठाणे स्टेशनला भेटू, मला तर गाडी बदलायची पण गरज नाही. फुंकर तूच मार.